विहीर आणि ट्रक एकाच अंगणात

गोव्यात डिचोली तालुक्यात माझी धाकटी बहीण दिलेली आहे. तिच्या घरामागे विहीर आहे. पूर्वी मे अखेरपर्यंत पाणी पुरत असे, आता मार्च उजाडला की तळ दिसतो. डोंगरापलीकडची लोहखनिजाची खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली. खड्ड्यात काम चालावे म्हणून रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसले गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. हे तिला कोणा शास्त्रज्ञाने सांगितले नाही. पोहऱ्याच्या दोराला दर वर्षी हातभर तुकडा जोडताना तिचे तिलाच कळले.

आणि त्याच अंगणात मेहुण्यांचा ट्रक उभा असे. बँकेचे कर्ज काढून घेतलेला, खाणीवरचा माल नदीवरच्या बार्जपर्यंत नेणारा. मुलांच्या फिया, घरावरचा स्लॅब, सासूबाईंचे ऑपरेशन, सगळे त्या ट्रकवर झाले. वाचकहो, आता तुम्हीच सांगा, या बाईने मोर्चात कोणत्या बाजूला उभे राहायचे?

शहरात बसून या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येते. एक म्हणतो खाणी बंद करा, दुसरा म्हणतो विकासाला विरोध करणारे देशद्रोही. दोघांच्याही घरी नळाला पाणी असते.

झाले काय ते थोडक्यात सांगतो. चीनची मागणी वाढली तशी गोव्याची निर्यात फुगली. २०१०-११ साली ती पाच कोटी टनांच्या वर गेली. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावा लागतो. त्याचे डोंगर रचले गेले आणि पावसात ते लोकांच्या शेतात उतरले. न्या. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. बेकायदा उत्खननाने सुमारे पस्तीस हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्यात अंदाज होता. या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, पण खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सारे खाणकाम बेकायदा होते, कारण पट्ट्यांची मुदतच संपली होती. राज्य सरकारने मग ८८ पट्ट्यांचे घाईघाईने नूतनीकरण केले. लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ ला आला, त्याच्या आत जेवढे उरकता येईल तेवढे उरकले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले.

मेहुण्यांचा ट्रक पहिल्याच बंदीत गेला. त्याआधी वर्षभर तो अंगणात गंजत होता आणि हप्त्याची नोटीस येत होती. सरकारने मदत दिली, नाही असे नाही. पण मदतीवर संसार किती दिवस चालणार? बहीण एकदा मला म्हणाली, "दादा, विहीर गेली तेव्हा कोण आले नाही. ट्रक गेला तेव्हा पण कोण आले नाही." कोर्टात जिंकलेल्यांनी आणि हरलेल्यांनी, दोघांनीही हे ऐकावे असे मला वाटते.

मी बी.कॉम. झालेला कारकून. जंगलाची भाषा मला फारशी येत नाही, खतावणी वाचता येते. बापाने ठेवलेले शेत एखाद्याने विकले आणि ती रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून मांडली, तर आमच्या कचेरीतला शिकाऊ पोरगाही हसेल. ती भांडवलाची विक्री आहे. खनिजाचे तसेच आहे. ते एकदाच विकता येते आणि त्यात नातवंडांचाही वाटा असतो. पर्यावरणवाल्यांनी कोर्टात मांडलेला हा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत टाकण्याचा आदेशही आला, तो याच हिशोबाने.

आपल्याला हा विचार नवा वाटू नये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. लगेच पुढच्या वर्षी, १९४४ साली, कोळशावर टनामागे उपकर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभारला गेला. खाण बंद करा असे ते म्हणाले नाहीत. मालाबरोबर माणसाचाही हिशोब ठेवायला लावला. २०१५ पासून कायद्याने आलेला जिल्हा खनिज निधी याच वाटेवरचा आहे. जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या तीस टक्के आणि लिलावाच्या पट्ट्यांवर दहा टक्के एवढी रक्कम त्यात जमा व्हायची. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांना त्यात अग्रक्रम आहे. तुमच्या जिल्ह्यात खाण असेल तर या निधीचा हिशोब मागा. चंद्रपूर, गडचिरोली, सिंधुदुर्गच्या वाचकांना हे मुद्दाम सांगतो.

चांगली खाण असूच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. साखळीची जुनी खाण मी पाहिली आहे. तिथे झाडे लावली आहेत, खड्ड्याच्या पाण्यात मासे सोडले आहेत. पण अशी एक दाखवायची आणि दहा उघड्या ठेवायच्या, हेही चालू देता कामा नये.

डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले आणि खाणकामही पुन्हा सुरू झाले आहे. गेल्या खेपेस गेलो तेव्हा बहिणीच्या गावाजवळच्या एका पट्ट्याची जनसुनावणी व्हायची होती. अहवालाचा मराठी सारांश पंचायतीत ठेवला होता, भाच्याने त्याची झेरॉक्स आणली. मेहुणे म्हणाले, "ट्रक परत मिळतील असे बोलतात." बहीण काही बोलली नाही. तिने चष्मा लावून पाने उलटली आणि विचारले, "यात आमची विहीर कुठे आहे?"

विहिरींचा नुसता आकडा होता. मग आम्ही तिघांनी बसून लेखी हरकत तयार केली. पंप सुरू होण्याआधी प्रत्येक विहिरीची पातळी मोजून गावाला लेखी द्यावी, पाणी आटले तर कंपनीने नळयोजना करावी, वाहतुकीत गावच्या ट्रकांना पहिला हक्क असावा आणि त्यांचा रस्ता शाळेवरून नसावा. शेवटची ओळ बहिणीने घालायला लावली. मेहुण्यांनी आधी सही केली, तिने त्याखाली.