हलकी बंदूक, त्याहून हलका फास

१/४ तितर क्षणार्धात उडतो. त्याच्यामागे माळरान तुडवणाऱ्यास बंदूक हलकीच हवी. एकावर एक नळ्या असलेली ब्राउनिंगची ‘सुपरपोज्ड’ १९३१ मध्ये बाजारात आली, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते.

२/४ मराठवाड्याच्या माळावर फासेपारध्याचे साधन त्याहूनही हलके होते: फास. ना काडतूस, ना आवाज.

३/४ साधनानुसार नाव बदलले. बंदूकवाला ‘शिकारी’ ठरला. पारध्यावर ब्रिटिश मुलखात जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुरता पुसला गेला नाही.

४/४ आज शिकारीला बंदी आहे, नायगावला १९९४ पासून मयूर अभयारण्य आहे, ते योग्यच. परंतु शिकारीचा इतिहास लिहिणाऱ्याने बंदुकीइतकीच फासाचीही नोंद घ्यावी.