ठिपक्यामागे

या सदरात कुत्र्यांपेक्षा खड्ड्यांवर जास्त लिहून होतं, हे वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात मात्र डोकं फिरवलं ते एका लाल ठिपक्यानं. किल्लीला अडकवायची ती बोटभर लेसर-बॅटरी, जी एकेकाळी जत्रेत मिळायची, ती आता कुत्र्याच्या व्यायामाचं साधन म्हणून विकली जाते. मालकानं सोफ्यावर बसायचं, बटण दाबायचं आणि ठिपका फरशीवरून भिंतीवर, भिंतीवरून पलंगाखाली फिरवायचा. कुत्रं धापा टाकेपर्यंत धावतं, आणि पट्टा लावून बाहेर न्यायचं काम वाचतं. माझं म्हणणं एवढंच की यात कुत्र्याच्या पायांना व्यायाम होतो आणि कुत्र्याची फसवणूक होते, आणि ही फसवणूक व्यायामापेक्षा महाग पडते.

मूळ कल्पना मांजरांसाठीची. अमेरिकेत १९९५ साली ‘मांजराला व्यायाम देण्याची पद्धत’ म्हणून तिला रीतसर पेटंटही मिळालं. भिंतीवर उजेड नाचवण्याचा हक्क कागदोपत्री कुणाच्या तरी नावावर चढला. कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतही नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी त्याच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या, त्यामुळे त्याचं जग निळ्या-पिवळ्याचं. तो रंगामागे धावत नसतो, हालचालीमागे धावतो. आपल्याकडचं कारवान कुत्रं घ्या. मराठवाड्यात सशामागे सोडलं जाणारं हे जनावर नाकापेक्षा नजरेवर शिकार करतं. हललं की धावायचं, हे त्याच्या रक्तात आहे. पण त्या रक्तात नुसतं धावणं नाही. हेरणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, फाडणं अशी ती पूर्ण साखळी आहे, आणि लेसर तिच्यातली तिसरी कडी पुन्हा पुन्हा ओढतो. चौथी कधी येतच नाही.

ठिपका विझतो तेव्हा कुत्र्याकडे नीट पाहावं. दोन्ही पंजे तो जागेवर दाबून धरतो. मग एक पंजा हळूच उचलतो, खाली नाक घालतो, फरशी हुंगतो. तिथे काही नसतं, आणि वासही नसतो, ही त्याच्या दृष्टीनं जास्त विचित्र गोष्ट. उंदीर निसटला तरी मागे वास ठेवून जातो, चेंडू कपाटाखाली गेला तरी त्याला रबराचा वास असतो. वास नसलेली पण पळणारी वस्तू कुत्र्याच्या अनुभवात बसतच नाही. बहुतेक कुत्री थोडा वेळ भिंतीच्या कडेला घुटमळतात आणि विसरतात. काही विसरत नाहीत. उजेडामागे आणि सावलीमागे लागण्याचं वेड पशुवैद्यकांच्या चांगलं ओळखीचं आहे, आणि मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीसारख्या जातींत ते जास्त आढळतं. आपल्या घरांत तर अशा कुत्र्याला सोय भरपूर: कौलातल्या फटीतून येणारा कवडसा, काचेचं कौल, उन्हात धरलेलं स्टीलचं ताट, मनगटावरचं घड्याळ. लेसर कपाटात ठेवून दिला तरी कवडसा रोज दुपारी येतोच.

ज्याला हे दुःख पोचत नसेल त्यानं मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या बाजारपेठेत गणपतीच्या आदल्या दिवशी उभं राहावं. २०११ साली चौपदरीकरण सुरू झालं. त्यानंतर पूर्णत्वाच्या तारखा आल्या, माणगावकर त्यांच्याकडे झेपावले, आणि पंजा उचलून पाहिलं तर खाली खडी. बायपासच्या तारखेचंही तेच. डिसेंबर सांगितला की मार्च होतो, मार्च म्हटलं की पावसाळ्यानंतर, आणि पावसाळ्यानंतर म्हणजे कुठल्या पावसाळ्यानंतर, हे विचारायची सोय नाही. चाकरमानी गाडीत बसून घाम पुसतो, दुकानदार शटर अर्धं ओढतो, एसटी जागच्या जागी घुरघुरते. फरक इतकाच की माणगावकराला दोन-तीन तारखांनंतर अक्कल येते आणि तो नवी तारीख ऐकून मान हलवून चहा मागवतो. कुत्र्याला ती मुभा नाही. तो प्रत्येक ठिपक्यावर नव्यानं विश्वास ठेवतो. महामार्गाविषयी अजून बरंच आहे, पण ते पुढल्या वेळी. नाहीतर कुत्रं बाजूलाच राहायचं.

आक्षेप येतील, आणि ते सगळे फालतू नाहीत. पहिला: कुत्र्याला मजा येते, शेपूट तर हलते! शेपूट चेव आला तरी हलते, चेव आणि आनंद एक नव्हे. दुसरा: पुरावा काय? नेमकं बोलायचं तर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ साली मांजरांच्या मालकांना विचारून एक पाहणी प्रसिद्ध केली. लेसरचा खेळ जितका जास्त, तितकं उजेड-सावल्यांमागे धावणं, एकाच खेळण्याचा हट्ट धरणं असं वागणं मालकांनी जास्त सांगितलं. ती मांजरांची आहे, आणि मालकांच्या सांगण्यावर आहे; मुळातच हट्टी मांजराला मालक जास्त खेळवत असतील, असंही म्हणता येईल. मान्य. पण कुठल्या कुत्र्याला वेड लागणार हे आधी कळायला मार्ग नाही, आणि एकदा लागलेलं वेड घालवणं फार अवघड. मग खेळ खेळून पाहायचाच कशाला? तिसरा तोडगा प्रशिक्षकांचा: शेवटी ठिपका खाऊवर नेऊन थांबवा, म्हणजे शिकार सापडल्यासारखं होतं. हे बरं आहे, पण शेवटचा घास मिळाला म्हणून आधीच्या शंभर हुलकावण्या पुसल्या जात नाहीत.

सगळ्यात खरा आक्षेप पावसाचा. कोकणात जून ते सप्टेंबर कुत्र्याला दोन वेळा बाहेर कोण नेणार? आणि गुडघे गेलेल्या माणसानं काय करायचं? त्यांच्यासाठी वेळूची काठी, तिला हातभर दोरी, टोकाला जुन्या लुंगीची गाठ मारलेली चिंधी. हीही बसल्या जागेवरून फिरवता येते, कुत्रं तितकंच धावतं, आणि शेवटी दातांत काहीतरी येतं. त्याहून सोपं म्हणजे भाकरीचे किंवा उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे घरभर लपवायचे (सुकट नको, मीठ फार). नाकानं शोधण्यात कुत्रं दमतं आणि मग निवांत झोपतं.

डोळ्यांचं तर वेगळंच. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१३ साली १२२ लेसर पॉइंटर तपासले तेव्हा हिरव्यांतले जवळपास ९० टक्के आणि लाल रंगातले ४४ टक्के सुरक्षिततेच्या नियमांत बसत नव्हते. म्हणजे डबीवरच्या ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ या चिठ्ठीवर किती विसंबायचं ते ठरवा. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेसर झोतांवर बंदी घातली. ते झोत खूप मोठे, हे खरं. पण गणपतीच्या गाड्यावरचा झोत निदान आपण टाळतो, डोळे मिटतो. पलंगाखाली ठिपका शोधणारं कुत्रं मध्येच वळून थेट बॅटरीकडे पाहतं, आणि तेव्हा बटण बहुधा घरातल्या सात वर्षांच्या पोराच्या हातात असतं.