स्कॉचला पायघड्या, मोहाला बेड्या

मंडळी, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला. स्कॉचवरचा आयातकर १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. राज्य सरकारने तर २०२१ मध्येच आयात स्कॉचचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केलं होतं. पिणारे खूश. पण स्कॉचचा एवढा तोरा आला कुठून, हे कुणी विचारतं का?

स्कॉच म्हणजे काही एकच चव नाही. आयला बेटावरची बहुतेक धुरकट, कारण जव पीटच्या धुरावर वाळवतात. स्पेसाइडच्या बऱ्याच व्हिस्कींना फळांचा गोडसर वास. सिंगल माल्ट, ब्लेंडेड धरून कायद्यात पाच प्रकार. स्कॉटलंडमध्येच गाळायची, तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवायची, तरच बाटलीवर स्कॉच लिहिता येतं.

आणि ही दोनशे वर्षांपूर्वी बरीचशी हातभट्टीचीच होती बरं का! डोंगरात चोरून गाळायची, अबकारीवाले आले की पळायचं. १८२३ च्या कायद्याने लहान भट्टीवाल्याला परवडेल असा परवाना मिळाला. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो पुढच्याच वर्षी घेतला. आज त्या नावाची बाटली आपण काचेच्या कपाटात मिरवतो.

त्याच इंग्रजांनी इथे काय केलं? १८९२ मध्ये कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. त्यांच्या शेतकऱ्याला परवाना, आपल्या आदिवासीला खटला. इंग्रज गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, खटला तसाच राहिला. २०२१ मध्ये राज्याने फुलांवरची बंधनं उठवली, पण घरी गाळली की गुन्हाच. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्येच जीआय मिळाला. मध्य प्रदेशाने मोहाला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. आपण अजून छाप्यांच्या बातम्याच छापतोय.

‘दारूचं समर्थन करता का?’ असं कमेंटमध्ये येणारच. नाही करत. बाटली आडवी करणाऱ्या बायांच्या बाजूनेच मी आहे. पण चोरून गाळलेल्या दारूत काय पडतं, हे कोण तपासतं? २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत मिथेनॉलने शंभराहून जास्त जीव घेतले. स्कॉचवाले पहिली धार बाजूला काढतात, मधली तेवढी पिंपात भरतात. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ अभिमानाने मागतात!

म्हणून मागणी साधी आहे. कळवण-सुरगाण्यात ज्या ग्रामसभेला हवं, तिथल्या आदिवासी गटांना मोह गाळायचा परवाना द्या. प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची करा, बाटलीवर गावाचं नाव टाका. जिथे ग्रामसभा नाही म्हणेल तिथे एक थेंबही नको. पेसा कायद्याने तो अधिकार तिला दिलाच आहे.

परवाना मात्र गावालाच मिळाला पाहिजे. नाहीतर फुलं वेचणार आमची माणसं आणि कारखाना टाकणार भलताच कुणीतरी. आमदार-खासदार साहेब, स्कॉचवर बोललात, आता मोहावरही बोला.