धनुष्याच्या दोरीला लोकरीचे गोंडे

स्वेटर विणून झाला की लोकरीचे दोन-चार लहान गुंडे उरतातच. त्यांतून पायमोजाही होत नाही आणि टाकून द्यायला मन होत नाही. मग ते पिशवीत जातात आणि पिशवी माळ्यावर. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा तिरंदाजी शिकत असेल, तर ही पिशवी खाली काढा. त्यातल्या थोड्याशा लोकरीचे दोन गोंडे धनुष्याच्या दोरीला बांधले, की बाण सुटताना होणारा आवाज बराच मऊ होतो.

आपल्याकडे तिरंदाजीचे नाव आता घरोघरी पोचले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला. त्या दोघांची धनुष्ये कंपाउंड जातीची. त्यांना चाके असतात आणि दोरी थोपवायला बहुधा रबरी बोंडाची दांडीही असते. आज आपण बोलणार आहोत ते साध्या धनुष्याबद्दल. शिकणाऱ्या मुलांच्या हाती पहिल्यांदा येते ते बांबूचे किंवा लाकडाचे धनुष्य, ज्यावर 'इंडियन राउंड'च्या स्पर्धा होतात.

गोंड्याची युक्ती कुठली?

ही युक्ती अमेरिकेत आणि युरोपात जुन्या पद्धतीच्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर साध्या धनुष्याचा बाण ५० मीटरच्या आसपास. म्हणजे वीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी ऐकू येतो आणि ते दचकून खाली दबते. म्हणून तिथले शिकारी दोरीला बीव्हरच्या कातडीच्या केसाळ पट्ट्या गुंडाळू लागले. ज्यांना ते नको, त्यांनी लोकर घेतली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपली मुले नेम धरतात तो कागदी वर्तुळावर, आणि कागद काही दचकत नाही. मग आपल्याला गोंडे कशाला? कारण दचकते ते आपले मूल. कानाजवळ 'टण्ण' आवाज झाला की नवशिक्याचे डोळे मिटतात, खांदा उडतो, आणि चार दिवसांत ते अंगवळणी पडते. शाळेच्या मैदानावर एका रांगेत दहा-बारा मुले बाण सोडत असली, तर शेजारच्या वर्गाला होणारा त्रास वेगळाच.

पुराणातल्या वीरांच्या धनुष्याचा टणत्कार ऐकून शत्रूची छाती दडपत असे, हे खरे. पण आवाज मोठा म्हणजे धनुष्य जोरदार, असे मुळीच नाही. दोरी ओढताना जी ताकद धनुष्यात साठते, ती सगळी बाणाबरोबर जायला हवी. जी मागे उरते ती दोरी आणि धनुष्य थरथरवते आणि तोच आवाज आपण ऐकतो. गोंडा ती थरथर लवकर शमवतो. त्याने नेम सुधारत नाही आणि हाताला बसणारा झटकाही फारसा कमी होत नाही. जे काम त्याचे, तेवढेच तो करतो.

आधी आवाज कशाचा ते बघा

मुलाला खोकला झाला की नुसते औषध पाजून तो दाबत नाही आपण. छाती तर भरली नाही ना, हे आधी बघतो. इथेही तसेच. धनुष्याचा आवाज कधी कधी काही सांगत असतो. काल मऊ वाजणारे धनुष्य आज अचानक फटकन वाजू लागले, करकरू लागले, तर गोंडे बांधायची घाई करू नका. धनुष्याच्या पात्याला बारीक चीर गेली असेल, तर गोंड्याने आवाज दबेल, चीर तशीच वाढेल, आणि एके दिवशी ऐन ताणात पाते मोडेल. त्या वेळी ते मुलाच्या तोंडापासून हातभरावर असते. तेव्हा पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा.

चीर : दोरी उतरवा. कापसाचा बोळा घेऊन पात्यावरून वरपासून खालपर्यंत, दोन्ही अंगांनी आणि कडांवरून हळू फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे नीट बघा. कूस उठली असेल किंवा चीर असेल. चीर दिसली तर ते धनुष्य बाजूलाच ठेवायचे. गोंद, चिकटपट्टी असले घरगुती उपाय इथे नकोत.

दोरी : नुसती केसाळ झाली असेल तर मेण चोळून बोटांनी गरम करा, म्हणजे मेण आत मुरेल. एखादा जरी धागा तुटलेला असला, तर दोरी बदला.

बाण : फार हलका बाण धनुष्यातली ताकद पुरती नेत नाही. मैत्रिणीकडून मागून आणलेले बाण वापरायला लागल्यापासून आवाज वाढला असेल, तर कारण तेच.

बाणाची खाच : मुले हिला 'नॉक' म्हणतात. ती दोरीवर 'टक्' असे बसावी आणि बाण सोडून दिला तरी लोंबत राहावा. दोरीवर बोटाने हलकेच टिचकी मारली की सुटावा. याहून घट्ट किंवा सैल नको.

दोरीचे अंतर : धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर शिवणकामाच्या टेपने मोजून वहीत लिहून ठेवा. दोरी वापराने ताणते, अंतर कमी होते आणि आवाज वाढतो. दोरीला थोडा पीळ चढवला की अंतर पुन्हा वाढते. किती हवे ते त्या धनुष्यासाठी प्रशिक्षकांनाच विचारा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडायची नाही. पाहुण्यांची मुले येतात, कोपऱ्यातले धनुष्य उचलतात आणि गंमत म्हणून ओढून सोडतात. बाण नसला की ती सगळी ताकद धनुष्याच्याच अंगावर येते आणि चांगले धनुष्यही एका झटक्यात चिरते. घरात धनुष्य ठेवायचे ते दोरी उतरवून आणि उंचावर.

हे सगळे ठीक असेल आणि तरीही दोरी गुणगुणत असेल, तर आता लोकर घ्या.

साहित्य

उरलेली मध्यम जाडीची लोकर, पाच सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा (जुन्या लग्नपत्रिकेचा चालेल), मेण लावलेला मजबूत दोरा, बोथट टोकाची लोकरीची सुई, कात्री, खडू, टेप आणि जुना कंगवा.

लोकर खरी की ॲक्रिलिक, हे ओळखायचे असेल तर एक तुकडा चिमट्यात धरून वाटीवर जाळून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते. दोन्ही चालतात. खरी लोकर जास्त फुलते. ॲक्रिलिक पाणी कमी धरते आणि त्याला कसर लागत नाही. सुती दोरा मात्र नको, भिजला की जड होतो.

कृती

१. धनुष्यावर दोरी चढवलेली असताना दोरीची लांबी मोजा. वरच्या टोकापासून पाव लांबीवर खडूने खूण करा. खालच्या टोकापासून पाव लांबी मोजून त्याच्या तीन-चार बोटे आत दुसरी खूण करा. दोन्ही खुणा अगदी सारख्या अंतरावर नकोत; थोडा फरक ठेवला तर थरथर अधिक चांगली मोडते.

२. पुठ्ठ्यावर लोकरीचे पंधरा वेढे घ्या, फार ताणून नको. एका गोंड्याला दीड ते दोन मीटर लोकर पुरते. वेढे अलगद काढून ठेवा. असेच दुसऱ्याचे करा.

३. आता दोरी सैल करा, पण ते काम मोठ्या माणसाने आणि 'स्ट्रिंगर' वापरून करावे. सैल दोरीवर खुणेच्या जागी बोथट सुईने धागे निम्मे-निम्मे वेगळे करा. टोकदार सुई घेऊ नका, धागा चिरतो.

४. त्या फटीतून वेढ्यांची जुडी अर्ध्यापर्यंत घाला. जुडीच्या लगेच वर आणि लगेच खाली दोरीला मेणाचा दोरा सात-आठ वेळा आवळून गुंडाळा आणि गाठ मारा.

५. दोन्ही बाजूंचे वेढे कात्रीने उघडा. कात्री दोरीच्या बाजूला वळवू नका! मग कंगव्याने फुलवून दीड इंचाचा गोल गोंडा कातरा.

६. दोरी पुन्हा चढवा आणि मुठीपासूनचे अंतर वहीतल्याशी ताडून बघा. थोडे बदललेले असते. पिळाने नीट करून घ्या.

गोंडा मधोमध का नाही? कारण तिथे दोरीला सगळ्यात जास्त वेग घ्यायचा असतो. तिथे वजन टांगले की बाण मंदावतो. अगदी टोकाशी बांधला तर वजन नाही जाणवत, पण उपयोगही नाही. पाव लांबी हा त्यातला मध्यममार्ग. एवढा गोंडा जेमतेम ग्रॅमभराचा होतो. हौसेने लाडवाएवढे करू नका.

नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्लांच्या तिरकामठ्याला बांबूच्या सालीची पट्टीच दोरी म्हणून लावतात. तिला धागेच नसल्याने ती फाडायची नाही. बांधायचाच असेल तर गोंडा बाहेरून बांधावा.

पारख आणि निगा

आधीचा आणि नंतरचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. बाण तोच, जागा तीच. ऐकणाऱ्याने बाण सोडणाऱ्याच्या मागेच उभे राहायचे. सराव मैदानावर आणि प्रशिक्षकांच्या देखत. गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात नव्हे. आवाज कमी झाला म्हणजे बाण कमी धोक्याचा झाला, असे नाही.

दोन-चार दिवस बाण जरा खाली लागतील. मुलाला आधीच सांगा, म्हणजे ते हिरमुसणार नाही. स्पर्धेत दोरीवर काय चालते, याचे नियम प्रकारागणिक वेगळे असतात. प्रशिक्षकांना विचारून मगच गोंडे ठेवा, नाहीतर आयत्या वेळी कापावे लागायचे.

पावसात गोंडे भिजले तर झटकून, टॉवेलात दाबून सावलीत वाळवा. धनुष्य कपाटात ठेवताना शेजारी डांबरगोळी किंवा कडुलिंबाचा पाला ठेवा, म्हणजे लोकरीला कसर लागणार नाही. दबून चपटे झाले की नवे करा.

आणि ते मुलांनाच करू द्या. दोरी उतरवा-चढवायला तुम्ही किंवा प्रशिक्षक जवळ हवेतच, पण कापसाचा बोळा फिरवणे, मेण चोळणे, गोंडा कातरणे ही कामे त्यांची. ज्या हाताने धनुष्य रोज तपासले जाते, त्या हाताला चीर वेळेवर सापडते. महिन्यातून एक रविवार ठरवून टाका. तुम्ही तांदूळ निवडत बसा, समोर ते धनुष्य निवडत बसेल.