विद्यार्थी दिवसाआधीची एक तारीख

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचा शाळाप्रवेश झाला. २०१७ पासून राज्यात तो ‘विद्यार्थी दिवस’ असतो. भाषणे, निबंध होतात, व्हावेतच. पण सातारा-सांगलीतल्या आठवीच्या पालकांना त्याआधीची एक तारीख कुणी ठळकपणे सांगत नाही: एनएमएमएस परीक्षेच्या अर्जाची.

परीक्षा साधारण डिसेंबरात, अर्ज मात्र दोन-तीन महिने आधी. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. शासकीय किंवा अनुदानित शाळा, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५०) आणि साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न, या मुख्य अटी.

घोडे अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. शाळेच्या ग्रुपवर स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे मेसेज चारदा येतात. अर्जाची मुदत एकदाच, तीही सणाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. पुढे उसाचा हंगाम लागला की पालकांना तहसीलचे हेलपाटे परवडत नाहीत. म्हणून दाखल्याचे काम गणपतीआधीच उरकावे. आणि शाळांनी मुदतीची तारीख वहीत लिहून पालकांची सही घ्यावी. मोबाइल प्रत्येक आईच्या हातात नसतो.