खिडकीचा दर सांगू नका, खर्च सांगा



अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं काम सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, आमच्या भागात स्क्वेअर फुटाला किती दर लावू?" माझं मत स्पष्ट आहे. नवी बिल्डिंग असेल, वीस-पंचवीस सारख्या मापाच्या खिडक्या असतील, तर खुशाल दर लावा. पण राहत्या घरातली जुनी खिडकी काढून नवी बसवायची असेल, तर नुसत्या स्क्वेअर फुटावर काम घेऊ नका. चांगला हात असलेले कारागीर या एका चुकीपायी धंदा बंद करून परत नोकरी शोधतात.

आधी माप बघू. हॉलची खिडकी 5 बाय 4, म्हणजे 20 स्क्वेअर फूट. तिच्या चौकटीला सेक्शन लागतो 18 फूट. बाथरूमची खिडकी 2 बाय 2, म्हणजे 4 स्क्वेअर फूट. तिच्या चौकटीला लागतो 8 फूट. आता भागाकार करा. हॉलमध्ये स्क्वेअर फुटामागे सेक्शन पाऊण फुटाहून थोडा जास्त, 0.9 फूट. बाथरूममध्ये पूर्ण 2 फूट, म्हणजे दुपटीहून जास्त! बसवायला जाण्यायेण्याची मजुरी दोन्हीला तीच. मग दोन्हीला एकच दर कसा परवडेल?

कटिंगचंही तसंच. समजा सेक्शन 12 फुटी आहे. त्यातून 5 फुटाचे दोन तुकडे निघाले की 2 फूट उरतात. सहावा हिस्सा भंगारात! म्हणून एकेक खिडकी कापू नका, सगळ्या घराची कटिंग लिस्ट एकत्र करा. 4 फुटाचे तीन तुकडे काढले तर त्याच बारमधून काहीच वाया जात नाही.

आता खरा खर्च, म्हणजे जुनी खिडकी काढणं. जुन्या घरात लाकडी चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असते, ग्रिल त्याच चौकटीला. ती उपटली की कडेचं प्लास्टर येतं, कधी खालची फरशीची पट्टी तडकते. मग गवंडी आला, रंग आला, राडारोडा उचलायला टेम्पो आला. काचेचंही वजन असतं बरं का. 5 मिमी काच चौरस मीटरला साधारण साडेबारा किलो भरते. हॉलच्या एका खिडकीची काचच 23 किलोच्या आसपास. चौथा मजला आणि लिफ्ट नाही, तर दोन माणसं तिथेच गेली.

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे घालून बघा.

एका फ्लॅटच्या सहा खिडक्या, मिळून 90 स्क्वेअर फूट. शेजारचा 450 म्हणतो, तुम्ही काम मिळावं म्हणून 400 म्हणालात. बिल झालं 36,000. माल, बनवणं, बसवणं मिळून तुमचा खर्च 330 च्या हिशेबाने 29,700. हातात दिसतात 6,300. खूश?

थांबा. जुन्या खिडक्या काढायची मजुरी 2,400, गवंडी आणि माल 2,600, राडारोड्याचा टेम्पो 1,500. झाले 6,500. म्हणजे घाम गाळून वर पदरचे 200 रुपये गेले. ग्राहकाला मात्र वाटतंय, तुम्ही चांगले कमावलेत.

यापुढे जे होतं ते जास्त वाईट. तोटा दिसला की माणूस काटछाट करतो. सिलिकॉन कमी मारतो, पाणी बाहेर जायची भोकं नीट पाडत नाही, कोकणातल्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू लावतो. पहिल्याच पावसात घरात पाणी, आणि तुमची फेरी फुकट. सगळ्यात आधी काय वगळलं जातं माहितीये? बाहेरच्या बाजूने काम करणाऱ्या पोराचा सेफ्टी बेल्ट. ज्या दरात बेल्ट बसत नाही, तो दर धंद्याचा नाही. ते काम सोडून द्या.

तुम्ही म्हणाल, "सर, ग्राहक फोनवर दरच विचारतो. नाही सांगितला तर दुसरीकडे जातो." बरोबर आहे. मग अंदाज सांगा, पण लगेच जोडा, "काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च भिंत बघून सांगतो, एकदा येऊन जातो." काही जण जातील. पण राहतील ते भांडणार नाहीत.

कोटेशनमध्ये चार ओळी वेगळ्या लिहा:

1. नवी खिडकी, मापानुसार. सेक्शनची जाडी, काच, जाळी, लॉक यांसकट. लहान खिडकीला किमान रक्कम.
2. जुनी खिडकी काढणं आणि राडारोडा. भंगार कोण नेणार, तेही.
3. गवंडीकाम आणि रंग. तुम्ही करणार की ग्राहक, हे स्पष्ट.
4. जीएसटी. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर 18 टक्के आहे. नोंदणी असेल तर आत की वेगळा, ते आधीच लिहा.

खाली कोटेशन किती दिवस चालेल तेही टाका, कारण अ‍ॅल्युमिनियमचा भाव किलोवर असतो आणि तो हलतो.

आज एकच काम करा. मागच्या तीन कामांची बिलं काढा आणि या चार ओळींत खर्च मांडा. कुठल्या ओळीचे पैसे तुम्ही मागितलेच नव्हते, ते तुम्हालाच दिसेल. पुढचं कोटेशन तिथून सुरू करा.