सही आधी, ठराव मागून

ग्रामसभेची नोटीस लागते, दवंडी होते, माणसे जमतात. कोणी पाणंद रस्त्याचे विचारतो, कोणी विहिरींच्या यादीत आपले नाव का नाही म्हणून भांडतो. तासाभराने वही फिरते. सह्या होतात, अंगठे उमटतात आणि माणसे निंदणाला निघून जातात. सह्यांच्या वरचे पान मात्र पुष्कळ गावांत कोरेच असते. ते भरले जाते दोन दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी. त्यात काय भरले हे विचारायला कोणी जात नाही.

शेतकरी बांधवांनो, सावकाराच्या कोऱ्या कागदावर आजोबांनी अंगठा दिला आणि जमीन गेली, असे आपण पोरांना सांगतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की पावतीवरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय आपण हलत नाही. मग गावाच्या वहीलाच ही मोकळीक कशासाठी?

तुम्ही सभेत उभे राहून विरोध केला आणि वहीत 'सर्वानुमते मंजूर' असे आले, तर तुमचा विरोध झालाच नाही असे धरले जाते. नाला बांध कोणाच्या शिवारात, विहीर कोणाला, गायरानाचे काय, हे सारे त्या एका ओळीवर ठरते. पुढे पंचायत समितीत जा की कोर्टात, तिथे आधी ठरावाची नक्कल मागतात.

सगळेच ग्रामसेवक लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. एकेकाकडे दोन-दोन गावे असतात, लिहायचे राहून जाते. पण राहून गेलेल्या त्या जागेत कोण काय घुसडतो, हे आपण पाहिले आहे.

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्या राज्यात गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल तेवढी माणसे लागतात. सभा तहकूब झाली, की पुढच्या सभेला ही अट उरत नाही. दहा माणसांत गाव उरकायचे असेल तर वाट इथूनच जाते. म्हणून तहकूब सभेची वही आधी पाहा.

वही पाहण्याचा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९९४ साली राजस्थानात, आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखात, मजुरांनी जनसुनावण्या भरवल्या आणि दुष्काळी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. कामावर न गेलेल्यांच्या नावे मजुरी उचललेली निघाली. त्या लढ्यातून पुढे २००५चा माहितीचा अधिकार आला. दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत नक्कल मिळायला हवी. बसून वही तपासता येते, टिपणे काढता येतात.

पण अर्जाची पाळी येऊच नये. ठराव सभेतच लिहावा. सूचक, अनुमोदक आणि विरोध करणाऱ्यांचीही नावे त्यात घालावीत. मग तो मोठ्याने वाचावा. वाचता न येणाऱ्या आयाबहिणी सभेला येतात, त्यांच्यासाठी तरी वाचावाच. उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारावी आणि मगच सह्या घ्याव्यात. हे होत नसेल तर सही करू नका, आणि सही का केली नाही ते लेखी देऊन पोच घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने मागच्या दोन ग्रामसभांच्या ठरावांची नक्कल आणावी. त्या सभेला हजर असलेली दोन माणसेही सोबत आणावीत. नकला तिथे वाचल्या जातील.